हवालदाराचा वरचा माळ

ज्या मुलखात हवालदाराने आयुष्याची अकरा वर्षं घालवली, त्याबद्दलचं त्याचं मत एका वाक्यात संपायचं. सकाळी निघालेला कुत्रा संध्याकाळपर्यंत दिसत राहतो, त्याला काय मुलूख म्हणायचं? जमीन सपाट, आभाळ सपाट, आणि इथे राहून राहून माणसांची डोकीही सपाट होत जातात, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. आपलं स्वतःचं डोकंही त्याच उन्हात तापतंय, हे मात्र तो सोयीने विसरायचा.

काम तसं सोपं होतं. समुद्रापलीकडे कुठल्याशा दोन गटांचं भांडण लागलं होतं, आणि त्यांच्या मधोमध चार-पाच देशांचं सैन्य नेऊन उभं केलं होतं. भांडण कशावरून लागलं ते बहुधा त्या गटांनाही आठवत नसावं, कारण अकरा वर्षांत हवालदाराने एक गोळी झाडली नाही, आणि त्याच्यावर झाडण्याचीही कुणी तसदी घेतली नाही. तळावर खरा शत्रू एकच होता, जुलाब. बाकी मग पत्र्याच्या खोल्या, वाळूच्या पोत्यांच्या भिंती, दिवसभर घरघरणारा जनरेटर आणि बत्तीस पायऱ्यांचा एक लोखंडी बुरूज. बुरुजावर उभं राहून समोर काही घडत नाही हे बघत राहायचं, आणि काही घडलेलं नाही असं दर तासाला वायरलेसवर कळवायचं. याच्याबद्दल त्याला दोन पदकं मिळाली होती. ती तो बुटाच्या पॉलिशच्या डबीत ठेवायचा.

त्यात गंमत अशी, की त्याला सैन्यात घेतलं तेच मुळी तो डोंगरातला म्हणून. भरतीच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि असली फुप्फुसं खालच्या लोकांत सापडत नाहीत, असं मोठ्याने सांगितलं. कागदावर शिक्का बसला, 'उंच प्रदेशास योग्य'. आणि मग या योग्य माणसाला सैन्याने उचलून जिथे बत्तीस पायऱ्यांपेक्षा उंच काही नाही तिथे नेऊन ठेवलं. "मासा धरायचा, झाडावर चढवायचा, आणि वर त्याला बढती द्यायची," हवालदार म्हणायचा, "हे यांचं डोकं." हे मात्र त्याने खरं सांगितलं होतं.

त्याला आयुष्यात हवं होतं ते एकच. त्याच्या गावाच्या डोक्यावर, पाच तासांची चढण चढून गेलं की, एक माळ लागतो. तीन बाजूंना कडे, चौथ्या बाजूला दरी. उन्हाळ्यात कमरेइतकं गवत, थंडीत त्याच्या दुप्पट बर्फ. तिथे एक लाल खडक आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला झरा. बाविसाव्या वर्षी हवालदाराने त्या झऱ्याशेजारी स्वतःच्या हातांनी दगडाची झोपडी रचली होती, वर आडव्या शिळांचं छप्पर. वस्ती म्हणाल तर अस्वलं, रानबकऱ्या, आणि उन्हाळ्याचे दोन महिने मेंढपाळ. नोकरी संपल्याचा कागद हातात पडला की वर जायचं आणि मीठ-काड्यापेटी आणण्यापुरतंच खाली उतरायचं, हे त्याने पक्कं ठरवून टाकलं होतं. उरलेलं आयुष्य त्या माळावर, एकट्याने.

एकट्याने हा शब्द महत्त्वाचा, कारण हवालदाराला बायको होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती म्हणाली होती, "मलाही एकदा न्या की वर."

"चुलीपुढे बसून धाप लागते तुला," तो म्हणाला होता. "तिथे काय खांद्यावर घेऊन हिंडू?"

ती पुन्हा म्हणाली नाही. पुढे मूल झालं नाही. त्यावर गावाला जे काही बोलायचं होतं ते गाव तिला बोललं. त्याला बोलायला तो खाली सापडायचाच कुठे? मग तो समुद्रापलीकडे गेला, आणि घरात ती, एक गाय, आणि मागच्या दारातून दिसणारा डोंगर एवढं उरलं.

तळावर प्रत्येकाला कशाची ना कशाची ओढ होती, आणि हवालदार त्या सगळ्यांना कस्पटासमान लेखायचा. कुणी आईच्या हातच्या जेवणासाठी उसासे टाकी. कुणी पोरांचे फोटो खाटेच्या कडेला चिकटवून ठेवी. त्याच्या खोलीत राहणारा वायरलेसवाला, गोल तोंडाचा, भला माणूस, तीन मुलांचा बाप, रोज झोपताना एकेका फोटोला बोट लावायचा.

"चिकटपट्टीवर जीव जडलाय तुझा," हवालदार त्याला म्हणायचा.

"आणि तुमचा दगडावर," वायरलेसवाला म्हणायचा. "हवालदारसाहेब, खरं सांगा, वहिनींची आठवण नाही येत?"

"बायकोची कसली आठवण? ती घरात असतेच."

एकदा जेवणाच्या रांगेत वायरलेसवाल्याने हसत हसत 'दुरून डोंगर साजरे' असं म्हटलं. हवालदाराने ताट तसंच ठेवलं, आणि पुढचे दोन महिने एका खोलीत राहून त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही. साधी म्हण होती. पण झोंबली, कारण हवालदार आपल्या डोंगराला दुरून बघणारा माणूस नव्हता, निदान त्याच्या स्वतःच्या हिशेबी तरी.

दर पंधरा दिवसांनी तो घरी पत्र लिहायचा. फोनचा प्रश्नच नव्हता. गावात फोन एक, दुकानात, आणि त्याच्या तारा वर्षातले सहा महिने बर्फाखाली पडलेल्या. पत्र म्हणजे तरी काय, तपासणीचा कागद. आकडे घालून प्रश्न. पहिला, झऱ्याला पाणी किती? तांब्या भरायला किती वेळ लागतो ते मोजून कळव. दुसरा, झोपडीच्या छपराची मधली शिळा सरकली आहे का? तिसरा, अस्वलाने यंदा कुठल्या झाडावर नखं मारली, आणि जमिनीपासून किती वर? चौथा, रानबकऱ्या किती, त्यांत पिल्लं किती? असे दहा-बारा झाले की शेवटी एक ओळ यायची, 'बाकी ठीक. तूही ठीक असशीलच.'

बायकोचं उत्तर यायचं. बारीक अक्षर, कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या. तांब्या भरायला चाळीसपर्यंत आकडे मोजावे लागतात. शिळा सरकलेली नाही, पण तिच्या भेगेत गवत उगवलं आहे. अस्वलाची नखं दरीकडच्या एकट्या झाडावर, माझ्या डोक्यावर एक हात. बकऱ्या सतरा, पिल्लं पाच, एक लंगडतं. मेंढपाळ म्हातारबाबांचं खेचर आता चढताना थांबतं. हवालदार हे खोलीत मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पत्रातून गवताचा वास आल्यासारखा तो कागद नाकाशी न्यायचा, आणि मग तोंड फिरवून पडून राहायचा. अशा वेळी त्याला खरंच रडू यायचं. ओढ खोटी नव्हती त्याची. माणूस खडूस होता, पण त्या माळासाठी आतून तुटत होता, हे मान्य करायला हवं.

'माझ्या डोक्यावर एक हात' हे त्याने तीन वेळा वाचलं असेल. पण कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न त्याला पडला नाही. मेंढपाळ खाली येतात, ही त्यांना विचारते, आणि ते सांगतात ते जसंच्या तसं उतरवून काढते, असं त्याने धरून ठेवलं होतं.

रजा त्याला अकरा वर्षांत दोनदा मिळाली, दोन्ही वेळा भर थंडीत. उन्हाळ्याच्या रजा पोराबाळांच्या माणसांना. वीस दिवसांतले आठ प्रवासात जायचे, आणि उरलेले बारा हवालदार मागच्या दारात उभा राहून वर बघत काढायचा. वाट बर्फाने बंद. बायको पाठीमागे गाईचं दूध काढायची, जेवायला वाढायची, आणि डोंगर पुढे तसाच. दुसऱ्या रजेत तर निघायच्या दिवशी सकाळी त्याच्या लक्षात आलं की घराला नवीन खिडकी बसली आहे. "कधी बसवलीस?" त्याने विचारलं. "चार वर्षं झाली," ती म्हणाली. मागच्या रजेतही ती तिथेच होती म्हणजे.

आता त्याच्या बुरुजावरच्या एका शिस्तीबद्दल सांगायला हवं. बुरुजावर एक जाड कागद टांगलेला असतो. समोर काय काय दिसतं आणि ते किती अंतरावर आहे, त्याचं चित्र. पडकी भिंत, चारशे पावलं. वाळूची टेकडी, नऊशे. एकटं झाड, बाराशे. दर सोमवारी पहाऱ्यावरच्या शिपायाने समोरची जमीन नव्याने न्याहाळून तो कागद दुरुस्त करायचा असतो, कारण वारा वाळू हलवतो, लोक भिंतीचे दगड नेतात. शिपाई कंटाळा करतात. मागचाच कागद समोर ठेवून नवी तारीख घालतात. हवालदाराच्या हाताखाली मात्र हे चालायचं नाही. असा उतरवलेला कागद सापडला की तो टराटरा फाडायचा.

"जमीन काय तुझ्या बापाची नोकर आहे?" तो ओरडायचा. "तू येईपर्यंत जागच्या जागी उभी राहायला?"

हे वाक्य तळावर सगळ्यांना पाठ होतं. ते तोंडावर फेकणारा माणूस मात्र डोक्यात नऊ वर्षांपूर्वीचा कागद टांगून बसला होता.

नवव्या वर्षी बायकोचं एक पत्र आलं. वसंतात मोठी दरड कोसळली. ओढ्यापलीकडची जुनी वाट तिच्यात गेली. लाल खडक दुभंगला, आणि त्याच्या डाव्या अंगाचा झरा बंद झाला. आता पाणी साठ पावलं खाली निघतं, मोठ्या चपट्या शिळेखालून. तांब्या पंचवीस आकड्यांत भरतो. पाणी आधीपेक्षा गार आहे.

हवालदार भडकला. त्याने लगेच उत्तर लिहिलं. तो झरा त्याच्या पणजोबांच्या आधीपासून लाल खडकाच्या डाव्या अंगाला आहे आणि तिथेच राहील. कुणीतरी तुझी थट्टा केली आहे. ऐकीव गोष्टी लिहून पाठवत जाऊ नकोस. ज्याने स्वतः डोळ्यांनी बघितलं असेल त्यालाच विचार. पत्र पाकिटात घालण्याआधी त्याने ते वायरलेसवाल्याला वाचून दाखवलं.

वायरलेसवाल्याने वहिनींचं पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग म्हणाला, "वहिनी स्वतः गेल्या असतील."

हवालदार इतका हसला की त्याला ठसका लागला. "ती? पाण्याची घागर उंबऱ्यात ठेवून दम खाते ती."

"नऊ-दहा वर्षांपूर्वी खात असतील, साहेब."

यावर हवालदाराने त्याला बायकांविषयी, डोंगराविषयी आणि सपाट मुलखातल्या माणसांच्या अकलेविषयी बरंच काही ऐकवलं. चार हजार मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, आणि अक्कल दुसऱ्याची काढत होता.

बायकोने त्या पत्राला उत्तर दिलं. झऱ्याविषयी एक अक्षर नव्हतं त्यात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नेहमीसारखी, आकडे घालून. हवालदाराला वाटलं, चूक कळली तिला.

अकरावं वर्ष सरलं आणि तो सुटला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तंतोतंत हव्या त्या वेळी. विमान, आगगाडी, मोटार, आणि शेवटी एका ट्रकच्या मागच्या भागात बसून तो गावात आला. दार उघडंच होतं. बायको बाहेर आली, तिने त्याची पिशवी घेतली, पाणी दिलं. केस बरेच पांढरे झाले होते तिचे, चेहरा उन्हाने रापलेला. हवालदाराने हे पाहिलं असेल नसेल, पण दाराशी ठेवलेले बूट मात्र नजरेतून सुटले नाहीत. जाड तळव्याचे, टाचांना खिळे ठोकलेले, झिजलेले बूट.

"कुणाचे हे?"

"माझे."

"गाईला गवत आणायला एवढे बूट?" तो म्हणाला, आणि हसत आत गेला.

जेवताना त्याने सांगून टाकलं. उद्या पहाटे मी वर निघतो, आणि आता वरच राहणार. बायकोने भाकरी वाढली. तिचा चेहरा बदलला नाही. ही बातमी अकरा वर्षं तिला माहीत होती.

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"वाट बदललीये. ओढा ओलांडलात की डावीकडे जाऊ नका. उजव्या काठाने वर जायचं. जुनी वाट दरडीत गेली."

"मला वाट सांगतेस? त्या वाटेवर वाढलोय मी."

"तुम्ही वाढलात," ती म्हणाली, "वाट खचली. तिला कुणी विचारलं नाही."

"हे बघ, मेंढपाळांचं ऐकून मला शहाणपण शिकवू नकोस."

तिने भांडी उचलली आणि आवरायला लागली. एखाद्याला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौसच असेल, तर आपण तरी काय करणार?

पहाटे तो एकटा निघाला. पहिला तास त्याने दात खाऊन काढला. दुसऱ्या तासाला कळलं की सैन्यातली ती प्रसिद्ध फुप्फुसं सपाट मुलखात ठेवून आलो आहोत. बत्तीस पायऱ्यांवर जपलेले पाय लटपटायला लागले. वास मात्र तोच होता, ओल्या दगडाचा, कडू पाल्याचा, आणि तो वास छातीत भरून घेताना त्याचे डोळे भरून आले. ओढा आला. तो ओलांडून हवालदार डावीकडे वळला.

शंभर पावलांवर वाट संपली. पुढे वाटच नव्हती. डोंगराची एक अख्खी बाजू खाली बसली होती, आणि तिच्या जागी राखाडी दगडांचा उतार दरीपर्यंत लोंबत होता. शहाणा माणूस इथून मागे फिरला असता. हवालदाराने मनात बायकोचा आवाज ऐकला, आणि केवळ तो खरा ठरू नये म्हणून त्या दगडांवर पाय ठेवला. तीन वेळा घसरला. तिसऱ्या वेळी उजवा गुडघा आतल्या बाजूला असा वळला की त्याच्या तोंडून ओरडही फुटेना. पिशवी गेली दरीत, पाण्याची बाटली तिच्यातच. मग चार पायांवर, तान्ह्या पोरासारखा रांगत, तो दुपारी माळाच्या खालच्या कडेला पोचला.

अकरा वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली तो माळ समोर होता, आणि हवालदाराला तो ओळखू येईना. लाल खडक दोन तुकडे होऊन पडला होता. एक तुकडा उभा, दुसरा गवतात लोळलेला. डावं अंग कुठलं आणि उजवं कुठलं? जिथे झरा असायला हवा तिथे कोरडी माती होती, आणि तिच्यात मुंग्यांची वारुळं. त्याने हाताने माती उकरली. पुन्हा उकरली. जीभ टाळूला चिकटली होती. शेवटी तो सरपटत थोडा खाली आला आणि एका चपट्या शिळेवर बसून राहिला. आपण इतके मूर्ख आहोत हे आपल्याला आधी कसं कळलं नाही, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. जगाला हसण्यात गेली होती ती सगळी वर्षं. आता हसण्याजोगं माणूस एकच उरलं होतं, आणि ते शिळेवर बसलं होतं.

मेंढ्या आधी आल्या, मग मेंढपाळ. म्हातारा, पाठीवर घोंगडं.

"कोण तुम्ही?" म्हाताऱ्याने विचारलं.

"इथलाच आहे. हा माळ... ती झोपडी माझी आहे."

"झोपडी बाईंची आहे," म्हातारा म्हणाला. मग त्याने हवालदाराला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे, म्हणजे पत्रवाले तुम्ही! बाई दर खेपेला कागद काढून बसतात. एक, दोन, तीन. आम्ही सगळे मिळून बकऱ्या मोजतो. पिल्लांवरून तर भांडणं होतात आमची. तुम्हाला एवढं मोजून काय करायचं असतं हो?"

"पाणी आहे?" हवालदार म्हणाला.

"पाण्यावर बसून पाणी मागताय?"

म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून बाजूला केलं, शिळेच्या खालच्या कडेला लावलेला एक दगड सरकवला, आणि आतून कथलाचा तांब्या काढून पुढे केला. पाणी गार होतं. आधीपेक्षा गार. हवालदार ते प्यायला आणि त्याला सगळं कळलं. कळायला काही उरलंच नव्हतं.

बायको वरून आली. उजव्या काठाच्या वाटेने ती त्याच्यानंतर दोन तासांनी निघाली होती, आणि त्याच्याआधी तीन तास वर पोचून, तो दिसत नाही म्हणून शोधत खाली उतरत होती. तिने खाली बसून गुडघा चाचपला, डोक्याचा रुमाल सोडून घट्ट बांधला. 'सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याला आधार देऊन तिने झोपडीपर्यंत नेलं. झोपडीला दार होतं, त्याने कधीच न लावलेलं. छपराच्या मधल्या शिळेखाली नवा खांब होता. कोपऱ्यात सरपण रचलेलं, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात मिठाचं भांडं आणि त्याच्या पत्रांचा गठ्ठा, पावसाने सुजलेला. हवालदार दाराला टेकून बसला. समोर गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं, आणि कड्याच्या वरच्या पट्टीवर रानबकऱ्या चरत होत्या. अकरा वर्षं त्याला हेच हवं होतं.

"पहिल्या वर्षी तुमच्यासाठी चढले," बायको म्हणाली. ती आत चूल पेटवत होती, तिथूनच बोलत होती. "तुम्हाला तिथे करमत नाही, म्हणून. तीनदा ओकले वाटेत. दुसऱ्या वर्षी रागाने चढले. तिसऱ्यापासून तुमची पत्रं आली नसती तरी चढले असते."

"आणि गाव?"

"गाव काय म्हणतं ते इथपर्यंत ऐकू येत नाही. तुम्हाला ठाऊक होतं ना ते? मला सांगितलं नाहीत कधी."

तो म्हणाला, "मी इथे राहू?"

"पाणी कुठे आहे ते माहीत नाही तुम्हाला."

"शिकेन."

"बघू. आज नाही. गुडघा सुजलाय. रात्रीच्या थंडीत आखडला तर आठ दिवस उतरता येणार नाही. चहा घ्या, आणि निघू."

तिने चहा आणून दिला आणि शेजारी बसली. एक पाय लांब करून, दोन्ही हातांनी मांडी उचलून, हळू. तिला असं बसताना त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. अकरा वर्षांत दोनशेहून जास्त पत्रं लिहिली होती त्याने, आणि एका तरी पत्रात हिची विचारपूस केली असेल, केलीच असेल, म्हणून तो मनातल्या मनात शोधत राहिला. सापडेना. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी उघडी.

"मी कधी तुझी चौकशी केली का गं?" त्याने विचारलं. "पत्रात?"

"केली ना. एकदा." ती चहा फुंकत म्हणाली. "'गुडघे कसे आहेत? चढताना त्रास होतो का?' मला एवढं बरं वाटलं. म्हटलं, ओळखलं यांनी, मीच चढते ते. पुढची ओळ वाचली. 'झेपत नसेल तर म्हातारबाबांना सांग, विकून टाका.' त्यांच्या खेचराची चौकशी होती ती."

वर बकऱ्यांनी दगड पाडला, तो गडगडत खाली गेला.

"कसे आहेत?" हवालदाराने विचारलं. "गुडघे."

"दुखतात," ती म्हणाली. "उतरताना जास्त. उठा, ऊन आहे तोवर निघू."

ती पुढे झाली. तो तिच्या मागून, ती पाय ठेवेल तिथे पाय ठेवत, उजव्या काठाने खाली उतरायला लागला.